गाळलेली ओळ

मी अकोल्याच्या एका उर्दू शाळेत आठवीत होतो. एके दिवशी वर्गात एक नवा मुलगा आला. त्याला अजिबात दिसत नव्हते. सरांनी त्याला माझ्या शेजारी बसवले. फळ्यावरचे सगळे मी त्याला वाचून दाखवायचे होते. मला ते काम नकोसे वाटे.

एकदा कंटाळून मी गणितातली एक ओळ गाळली. त्याचे उत्तर चुकले. मुले हसली. तो हळूच म्हणाला, "भाई, एखादी ओळ राहिली का?" माझी मान खाली गेली. मी उठून सरांना खरे काय ते सांगितले.

पुढे आमची दोस्ती झाली. त्याने मला ब्रेल लिपी दाखवली. सहा ठिपक्यांत उर्दू, मराठी, इंग्रजी सारे लिहिता येते! त्याला मोठ्याने वाचून दाखवता दाखवता माझाही अभ्यास पक्का झाला.

२०२४ साली मी एक बातमी वाचली. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी वाढवलेल्या दृष्टिहीन माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. मला माझा मित्र आठवला.

दिव्यांग मुलांना इतरांबरोबर शिकवावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. आज मी शिक्षक आहे. फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मी मोठ्याने वाचतो. एकही ओळ गाळत नाही.