परसातला काजू

परसात काजू लावू नये, असं मी आजवर अनेकांना सांगत आलो. मत काही माझं एकट्याचं नव्हतं. वडील म्हणायचे, "काजू डोंगराक, माड दाराक." सिंधुदुर्गात घराभोवतीची जागा माड-पोफळीची, फणसाची, चार केळींची. काजूला कातळ द्यावा, उतार द्यावा, आणि फाल्गुनात बी गोळा करायला जावं. हे मत मी आता सोडलंय. पूर्ण नाही, पण बरंचसं.

प्रश्न यायचा तो वेगळ्याच वाटेने. मुंबई-पुण्याहून येऊन इथे घर बांधलेली माणसं विचारतात, "सुक्यामेव्याचं एखादं झाड सुचवा." मनात बदाम असतो, कुणाच्या मनात अक्रोडसुद्धा. काश्मीरचा बदाम हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. त्याला शेकडो तास सात अंशांच्या आतबाहेरचा गारठा मिळाला, की वसंतात तो फुलतो. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे शाल लागते, तेवढ्यावर त्याचं भागत नाही. रोप जगतं, हिरवंही दिसतं, पण फुलत नाही. अक्रोडाची थंडीची भूक तशीच मोठी. मॅकाडेमिया हे क्वीन्सलंडकडचं झाड. त्याला हिवाळी झोप लागत नाही, पण फुलोऱ्यासाठी गार रात्री हव्यात आणि कडक उन्हाळा सोसत नाही. कोकणात त्याच्या फळांचा हिशेब धरून खड्डा खणू नये. रस्त्याकडेचा देशी बदाम मात्र इथे मजेत वाढतो. शाळेच्या आवारात दगडाने त्याची बी फोडायला मौज असते, पण निघणारा गर करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक, आणि झाड घराच्या कौलांवर सावली धरणारं.

गरम हवेचा आपला खरा सुकामेवा आंब्याच्याच कुळात आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काजू, चारोळी आणि बिब्बा. बिब्ब्याच्या आतली गोडंबी विदर्भ-मराठवाड्यात थंडीच्या लाडवांत पडते. तिच्याभोवतीचं काळं तेल कातडी भाजतं, काजूच्या टरफलातलं तेल भाजतं तसंच. चारोळीचं झाड सावकाश वाढतं, बी फोडणं हा जिकिरीचा उद्योग. दोन्ही झाडं रानातच शोभतात. परसासाठी उरतो काजू, आणि मी नेमकं त्यालाच नको म्हणत होतो.

नको म्हणण्याची माझी कारणं आजही खरी आहेत. वाळलेली बी घरी भाजायची म्हणजे पत्र्यावर जाळ, डोळे चुरचुरवणारा धूर, आणि मग फोडताना बोटांची सालं निघणं. दहा किलो बियांतून तीन किलो गर हाताशी येतो, तोही अर्धा तुकडा. त्यापेक्षा बी कारखान्याला विकावी आणि पांढरे शुभ्र काजू विकत आणावेत. या बाबतीत मी तसूभरही हललेलो नाही.

हललो ते ओल्या काजूगरांमुळे. काजूच्या झाडाची एक रीत आहे: आधी बी पूर्ण आकाराला येते, बोंड मागाहून फुगतं. बी मोठी झालेली आहे पण टरफल अजून हिरवं आणि मऊ आहे, अशी वेळ थोडेच दिवस टिकते. तेव्हा ती कापून आतला गर काढता येतो, आणि त्याची वाटप घातलेली उसळ खाल्लेल्या माणसाला सुक्या काजूचं फारसं कौतुक उरत नाही. शिवाय एका तुऱ्यावरच्या सगळ्या बिया एकदम त्या वेळेला येत नाहीत. आज दहा, परवा पंधरा. ज्यांचे काजू डोंगरावर आहेत त्यांना ही वेळ साधत नाही. ते एकदा चढून जातात तोवर निम्म्या बिया टणक झालेल्या असतात, उरलेल्या माकडांनी फेकलेल्या. बाजारात ओले गर शेकड्याच्या भावाने मिळतात आणि तो भाव ऐकून आपण मुकाट्याने वाटाणे घेतो.

म्हणजे रोज सकाळी चहा घेऊन ज्याच्याखाली उभं राहता येईल, असंच हे झाड आहे. परसातला काजू हे सुक्यामेव्याचं झाड नव्हे, शेवग्यासारखं भाजीचं झाड आहे. तसा विचार करू लागलो तेव्हा वडिलांच्या बोलण्यातला डोंगर मला व्यापाराचा डोंगर वाटू लागला. पोत्यांनी बी हवी असेल तर तो बरोबरच होता.

आकाराची भीतीही आता तेवढी राहिली नाही. रायवळ काजू वाटेल तसा पसरायचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या जातींची कलमं छाटून आटोक्यात ठेवता येतात. वेंगुर्ला-४ ही 1981 ची जात, बोंड लाल. वेंगुर्ला-७ ही 1997 ची, बोंड पिवळं आणि बी चांगली दहा ग्रॅमची. ओल्या गरासाठी मी मोठ्या बीची सातच निवडेन. पहिली दोन वर्षं मोहोर दिसला की खुडायचा, हे जिवावर येतं पण करावं. जोडाच्या खालून फुटणारे धुमारेही काढत राहावेत, नाहीतर काही वर्षांनी कलम मेलेलं आणि खुंटाचा रायवळ माजलेला दिसतो. पाणी साचणारी जागा त्याला चालत नाही. आणि भरपूर ऊन हवं, कारण मोहोर येतो तो बाहेरच्या कोवळ्या फुटीवर. माडांच्या सावलीत कोंबलेला काजू नुसता लांबतो.

शत्रू दोन. रोठा बुंध्याशी पोखरतो. तिथे तांबूस भुसा आणि डिंक दिसला की लगेच अळी कोरून काढायची, आठवडाभराने नव्हे. दुसरा ढेकण्या, कोवळी फूट आणि मोहोर शोषून वाळवणारा. बागायतदार त्यावर फवारतात. दारातल्या झाडावर, जिथली बी आपण हिरवी असतानाच खाणार, तिथे मला फवारा नको वाटतो. पानं शिवून घरटी करणारे लाल हुमले ढेकण्याला खातात; उत्तर ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांसाठी त्यांचा मुद्दाम वापर करून पाहिलेला आहे. अर्थात हुमल्यांच्या झाडाखाली चहा घेऊन उभं राहायचं तर जरा लांब उभं राहावं लागतं.

ओली बी कापताना हातांना खोबरेल चोळायचं, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. हिरव्या टरफलाचा चीकही भाजतोच. काढलेले गर गरम पाण्यात टाकले की आतली साल सुटते.

एवढं पटल्यावर माणसं दोन कलमं न्यायला निघतात. मी सांगतो, एकच न्या. बिया सगळ्याच काही हिरव्या संपत नाहीत, आणि मागाहून येणारी बोंडं मीठ लावून खाऊन खाऊन किती खाल? घसा धरतो. संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व त्यात असतं हे खरं, पण पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं आणि अंगणभर माश्या होतात. गोव्यात असता तर हुर्राक काढणारं कुणीतरी टोपली घेऊन आलं असतं. आमच्याकडे बोंडं गाईपुढे टाकायची पद्धत होती, पण आता गाय कुणाच्या दारात आहे?