कापड्याच्या ओटीवर : पवई की चर्चगेट?

गोव्याच्या रस्त्याने निघालेला मुंबईकर महाड मागे टाकतो, पोलादपूरला चहा घेतो आणि कशेडीच्या वाटेला लागतो. आता तर तिथे बोगदाही झाला; त्यामुळे पोलादपुरातून डावीकडे महाबळेश्वराला फुटणाऱ्या रस्त्याकडे पाहायला कुणाला सवड नसते. त्याच रस्त्याला, आंबेनळीचा घाट लागण्याआधी, कापडे आहे. एक नव्हे, दोन! कापडे बुद्रुक आणि कापडे खुर्द. म्हणजे थोरले आणि धाकटे. इथून आत वळले की उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. सावित्रीचे हे खोरे डोंगरांनी असे वेढले आहे की ऊनसुद्धा विचारून आत येते.

डोंबिवलीतल्या आमच्या शेजाऱ्यांचे घर थोरल्या कापड्यात. २०२५ च्या मे अखेरीस त्यांच्याबरोबर मी तिथे गेलो. त्या साली पावसाने कमाल केली. २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत येऊन दाखल! गावात लाकूडफाटा भिजला, कौले शेकारायची राहिली, आणि आंबे खायला आलेले चाकरमानी गुडघ्यापर्यंत पॅन्टी दुमडून पन्हळी साफ करू लागले. एरवी निम्म्या घरांना कुलूप असते हो! मेमध्ये आणि गणपतीतच काय ती दारे उघडतात.

या गडबडीत शेजाऱ्यांच्या थोरल्या लेकीचा प्रश्न ओटीवर येऊन पडला. तिने इंजिनिअरिंग केले, दोन वर्षे नोकरी केली, आणि आता एम. बी. ए. करायचे. पवईच्या आयआयएम मुंबईत प्रतीक्षायादीतून तिचा नंबर लागला होता. ही संस्था म्हणजे १९६३ ची जुनी ‘निटी’. २०२३ साली संसदेने कायदा दुरुस्त करून तिला आयआयएमच्या पंगतीत बसवले. दुसरीकडे राज्याच्या सीईटीचा निकाल २८ मेला लागला आणि त्यात पोरीने असे गुण मिळवले की चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेची आशा धरावी. तीही काही सामान्य नव्हे. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या साहाय्याने ती काढली, आणि कितीतरी बड्या कंपन्यांचे सूत्रधार तिने घडवले.

मग अडले कुठे? अडले दोन गोष्टींवर. पवईची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर. बजाजची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे शहाण्या माणसाने बजाजच धरावी. पण पवईचे पैसे दोन दिवसांत भरायचे होते, आणि सीईटीच्या प्रवेशफेऱ्या संपायला ऑगस्ट उजाडणार. हातातली जागा सोडून गुणांच्या भरवशावर दोन-अडीच महिने काढायचे! मला विचाराल तर ही पद्धतच गरीब घरच्या मुलांवर अन्याय करते. ज्याच्या खिशात जास्त, तो दोन्हीकडे पैसे गुंतवून निवांत बसतो.

वडिलांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. ते घुटमळत म्हणाले, “जमीन तारण ठेवू.” त्यावर चुलते हसले. सातबाऱ्यावर सव्वीस नावे, त्यांतली सात स्वर्गवासी आणि चार सुरतेला. त्या भाताच्या तुकड्यावर कोणती बँक कर्ज देणार? तशी गरजही नव्हती. अशा नामांकित संस्थांना बँका विनातारण कर्ज देतात. मुलीने चौकशी करून ठेवली होती. तिने वहीच्या पानावर हिशेब मांडला : वीस लाख, साडेनऊ टक्के, दहा वर्षे, हप्ता महिना सव्वीस हजारांच्या घरात. शिकत असतानाचे व्याज आणखी वेगळे. वडिलांनी तो आकडा चष्मा काढून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला.

आजी चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी एकच विचारले, “पवईला ऱ्हायलीस तर रातच्याला घरी नाय यायची?”

“नाही. तिथं हॉस्टेल आहे, आजी.”

“आन् त्या चर्चगेटला?”

“तिकडून रोज घरी.”

आजींना हे दुसरे पसंत पडणार, अशी आम्हा सर्वांची खात्री. पण पोरगी हळूच म्हणाली, “जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये. आणि घरी दोन खोल्यांत पाच माणसं. इंजिनिअरिंगला मी ओट्याखाली दिवा लावून अभ्यास केला. मला एक टेबल हवंय.”

कुणी काहीच बोलले नाही. कौलांवर पाऊस वाजत होता. आजींनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली, आणि त्या नातीकडे न बघताच म्हणाल्या, “मग टेबलच घे की गो!”

व्यवहाराच्या तराजूत हे बसत नाही, हे मला कळते. तीच नोकरी चर्चगेटहूनही मिळाली असती, कर्ज निम्म्याहून कमी झाले असते. तरीही मी त्या ओटीवर बजाजची बाजू मांडली नाही.

घरात फोनला रेंज नव्हती. बापलेक एका छत्रीत हमरस्त्यापर्यंत गेली आणि पहिल्या हप्त्याचे पैसे तिथूनच भरून आली. परतताना वडिलांच्या हातात पळसाच्या पानात बांधलेली जांभळे होती. त्यांनी ती सगळ्यांत आधी आईपुढे ठेवली.