तिथी बसेल असे कॅलेंडर

घरच्या सर्व्हरवर स्वतःचे कॅलेंडर चालवायचे कशाला, असे विचारले की बहुतेक जण गोपनीयतेकडे बोट दाखवतात. मला ते कारण लंगडे वाटते. दाताच्या डॉक्टरची वेळ आणि विजेच्या बिलाची तारीख यांत लपवण्यासारखे ते काय? खरी अडचण वर्ष मोजण्याची आहे. कॅलेंडरच्या नोंदी ज्या आयकॅलेंडर पद्धतीने लिहितात, तिचा दरवर्षी पुन्हा येण्याचा नियम 1998 पासून इंग्रजी तारखेवरच उभा आहे. 2015 साली तिला जोड मिळाली, आणि चिनी, हिब्रू वर्षांची सोय झाली. आपला राष्ट्रीय शकही त्यात बसतो, पण तो पडला सौर. आजोबांच्या श्राद्धाची तिथी त्यातून निघत नाही. अधिक महिना, क्षयतिथी हे तर कुठल्याच नियमात कोंबता येत नाही.

उपाय एकच उरतो: पुढच्या दहा वर्षांच्या तिथी गणिताने काढायच्या आणि प्रत्येकीची वेगळी नोंद करायची. एवढे तर फुकटच्या कॅलेंडरात फाइल चढवूनही होते, असे कुणी म्हणेल. होते, पण एकदाच. पंचांगाची गणितपद्धत बदलली की सगळे पुन्हा करा. बाहेरच्या फाइलशी ते जोडून ठेवले, तरी ती केव्हा ताजी करायची हे कंपनी ठरवते. शिवाय तिथी जागेवर अवलंबून असते. श्राद्धाला अपराह्णातली तिथी धरतात, आणि पुण्यातला अपराह्ण न्यू जर्सीत पहाटेच उरकलेला असतो; भावाचा आणि बहिणीचा दिवस वेगळा येऊ शकतो. आपल्या सर्व्हरवर दोघांसाठी दोन कॅलेंडरे ठेवता येतात, आणि छोटासा प्रोग्राम जुन्या नोंदी त्याच ओळखक्रमांकाने जागच्या जागी दुरुस्त करतो.

म्हणूनच मी रॅडिकेलच्या बाजूचा आहे. पायथनमधला हा लहानसा प्रोग्राम प्रत्येक नोंद एका साध्या फाइलीत ठेवतो. ती उघडून डोळ्यांनी वाचता येते. मुळात तो फक्त त्याच मशीनपुरता, 5232 पोर्टवर ऐकतो. फोनला बाहेरून पोचता यावे म्हणून त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, जोडणी सुरक्षित राहावी म्हणून लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र आपोआप नवे होईल असे बघा, पासवर्डची फाइल करा. आयफोन थेट जोडला जातो, अँड्रॉइडला डॅव्हएक्स5 हे अ‍ॅप लागते. सर्व्हर दिवसभर बंद पडला तरी फोनमधल्या नोंदी दिसत राहतात. पण फोनमधली प्रत म्हणजे बॅकअप, ही समजूत घातक. सर्व्हरवर चुकून पुसलेली नोंद पुढच्या जुळणीत फोनमधूनही जाते. नोंदींचे फोल्डर रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवायलाच हवे. हे काम आपल्यासाठी दुसरे कुणी करत नाही.

ज्यांच्या घरी सगळे वाढदिवस इंग्रजी तारखेनेच होतात, त्यांनी या फंदात पडू नये. फोनमधले तयार कॅलेंडर त्यांना पुरेसे आहे.