हिवाळ्यातले इव्वार

जिनिव्हाला भावाकडे उतरलो होतो. जानेवारीच्या अखेरची एक दुपार आम्ही इव्वारसाठी राखली. हे छोटेसे गाव फ्रान्सच्या हद्दीत, लेमान सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. पलीकडच्या काठावरील निओं या स्विस गावातून बोटीने वीसेक मिनिटांत तिथे पोचता येते.

१३०६ साली सॅव्हॉयचा काउंट पाचवा आमदे याने सरोवरावर नजर ठेवण्यासाठी इथे तटबंदी बांधायला घेतली. १५३६ मध्ये बर्नच्या फौजांनी हा मुलूख घेतला आणि पुढे गावाचे लष्करी महत्त्व संपले. उरले ते मच्छीमार आणि शेतकरी. गाव वाढून शहर झाले नाही, म्हणूनच जुन्या वेशी आणि दगडी घरे आजवर टिकली. उन्हाळ्यात या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक दुकाने बंद होती, प्रसिद्ध ‘पाच इंद्रियांची बाग’ही बंद होती. एका दारात सरपण रचलेले, दुसऱ्या खिडकीत धुणे वाळत घातलेले. गाव पाहुण्यांचे नव्हते, गावकऱ्यांचेच होते.

प्रश्न होता जेवणाचा. मासळी हलाल असली तरी ती कशात शिजवतात हे पाहावे लागते. अम्मी रत्नागिरीची, मासळीची शौकीन. पण परमुलखात बाहेरचे खायचे नाही, असा तिचा निश्चय. उघड्या असलेल्या एकमेव हॉटेलात भावाने आधीच सगळे विचारले. मालकीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. सॉसमध्ये पांढरी वाइन असते, म्हणाल्या. मेन्यूवरचा पर्श मासा बाहेरच्या देशातून आलेला. फेरा मात्र सकाळीच सरोवरातून काढलेला. गर्दी नसल्याने त्यांनी स्वच्छ तव्यावर लोणी, लिंबू आणि मीठ घालून वेगळा फेरा करून दिला. अम्मीने एक घास घेतला, काटा बाजूला काढला आणि म्हणाली, “मासळी ताजी आहे. बाई खरं बोलली.” बाहेर पडल्यापासून तिने पहिल्यांदाच पोटभर खाल्ले.

जोहरची नमाज तटाच्या आडोशाला, सरोवराकडे पाठ करून पढली. किब्ला तिथून आग्नेयेला येतो.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, मात्र हॉटेल उघडे आहे का ते फोन करून विचारा. फरसबंदी उताराची आहे, वडीलधाऱ्यांना हात द्या. आणि ताटात काय आहे ते विचारायला संकोचू नका. नीट विचारले, तर लोक नीट सांगतात.