तिरस्करिणी आणि व्हायोलिनें

गोरेगांवच्या बाजूनें आरे वसाहतींत शिरलें, कीं मुंबई मागें पडल्याचा भास होतो. १९४९ सालीं दुग्धव्यवसायासाठीं वसविलेल्या या रानांत गोठे, वारल्यांचे पाडे, आणि सहसा दृष्टीस न पडणारा बिबट्या आहे. धुरावरून अग्नि ओळखावा, तसा वानरांच्या चीत्कारावरून तो ताडावयाचा!

शेजारच्याच डोंगरांत १९७७ पासून चित्रनगरी आहे. तिकडे पाहतांना ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा वैज्ञानिक कल्पनेचा बोलपट आठवतो. शाकुंतलांतील सानुमती तिरस्करिणी विद्येनें गुप्त असली, तरी रंगभूमीवर ती प्रेक्षकांस दिसतेच. येथें नायक खरोखरच नाहींसा होतो. तांबड्या प्रकाशांत काय तो दिसेल. एरवीं पडद्यावर मोकळी जागा, आणि ती भरावयाची वाद्यांनीं.

हें संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचें. लक्ष्मीकांत कुडाळकर मॅंडोलिनवादक. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्यांतील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशीं. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपि शिकवीत. त्यांतलीच पुष्कळ मंडळी मुंबईच्या चित्रपटांत वाजवूं लागली. प्रत्येकापुढें केवळ आपल्या वाद्याचा कागद, आणि श्रेयनामावलींत नांव क्वचितच. नायक घटकाभर अदृश्य. हे वादक जन्मभर! मला तरी हा अन्यायच वाटतो.

गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं स्वतःचा वाद्यवृंदही उभारला होता. पुढें ‘अमर अकबर अँथनी’च्या (१९७७) एका गाण्यांत त्यांचें नांव गुंफून प्यारेलालांनीं गुरुदक्षिणा दिली. तें गाणें घरोघर पोहोंचलें. तें नांव खऱ्या माणसाचें आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक होतें.