वाट लांबची आहे

धार आणि देवास, दोन्ही पवारांच्या गाद्या. इथल्या मराठी घरांत मुलानं गाणं शिकलेलं चालतं. ‘नट व्हायचंय’ म्हटलं की विचारतात, ‘पोट कसं भरशील?’ माझ्या भाच्यालाही सध्या हेच ऐकावं लागतंय.

त्याला मी इंदूरच्या स्वानंद किरकिरेंचं सांगते. आईवडील देवासच्या कुमार गंधर्वांचे शिष्य. मुलगा दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला, मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून राबला, गीतकार म्हणून गाजला. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१८च्या मराठी ‘चुंबक’साठी, नाट्य विद्यालय सोडून तोवर वीसेक वर्षं लोटली होती.

भाच्याला हा हिशेब कळलाय. आता त्याच्या आईबाबांना कळायला हवा. मधली वर्षं तोच काढेल. पाठीवर हात मात्र घरचाच लागतो.