शिवाजीनगरच्या मेरीमातेच्या दारी

बेंगळूरला जयनगरात नातलगांकडे उतरलेल्या मराठी कुटुंबाचा फिरण्याचा बेत बहुधा ठरलेला असतो. लालबाग, बसवनगुडीचा नंदी, विधानसौध आणि शेवटी साड्यांची खरेदी! या यादीत एका सकाळची भर घाला आणि शिवाजीनगरचे सेंट मेरीज बॅसिलिका पाहून या.

शिवाजीनगर हे नाव ऐकून पुणेकरांना घरचेच वाटेल. पूर्वी या वस्तीला ब्लॅकपल्ली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आबे द्युब्वा या फ्रेंच धर्मगुरूंनी इथे छोटे चर्च उभारले. म्हैसूर राज्यात देवीची लस टोचण्याच्या कामातही हे गृहस्थ पुढे होते. आजची गॉथिक धाटणीची इमारत १८७५ ते १८८२ या काळात फादर क्लायनर यांनी बांधली. टोकदार कमानी, उंच मनोरा आणि रंगीत काचांच्या खिडक्या पाहत राहाव्यात अशा आहेत. दुसऱ्या महायुद्धात या काचा उतरवून ठेवल्या होत्या. १९४७ मध्ये त्या पुन्हा बसवल्या. पोपकडून मिळणारा 'बॅसिलिका' हा मान १९७४ मध्ये कर्नाटकात सर्वप्रथम या चर्चला लाभला.

जयनगरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मॅजेस्टिकला जावे, तिथे जांभळ्या मार्गाची गाडी पकडून कब्बन पार्कला उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. शिवाजीनगरचे बसस्थानकही चर्चपासून जवळ आहे.

दिवस मात्र विचारपूर्वक निवडा. रविवारी तमिळ, कन्नड आणि इंग्रजीत एकापाठोपाठ मिस्सा होतात, त्यामुळे निवांत पाहायचे असेल तर आठवड्यातला मधला दिवस बरा. मिस्साच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मेरीमातेच्या जन्मदिनी रथ निघतो. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्राही याच सणाची. साडी नेसलेल्या मेरीमातेच्या दर्शनाला त्या दिवसांत सर्व धर्मांचे लोक लोटतात. गर्दी सोसत असेल तरच लहान मुलांना घेऊन तेव्हा जावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे चर्च म्हणजे संग्रहालय नव्हे. इथे तिकीट नाही आणि दाराशी कुणी अडवत नाही, म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. बाउरिंग रुग्णालय इथून जवळच आहे. बाकावर डोळे मिटून बसलेली बाई कदाचित तिथल्या खाटेवरच्या आपल्या माणसासाठी विनवत असेल. तिच्यासमोर कॅमेरा धरणे शोभत नाही. पंढरपूरला पायांवर डोके टेकताना कुणी आपले छायाचित्र काढले, तर आपल्याला चालेल का?

तेव्हा खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मोबाइल बंद ठेवावा आणि छायाचित्राआधी परवानगी विचारावी. मिस्सा सुरू असेल तर मागच्या बाकावर बसावे, सगळे उठतील तेव्हा उठावे. गुडघे टेकलेच पाहिजेत असे नाही. प्रसाद समजून कम्युनियनच्या रांगेत मात्र उभे राहू नये. तो कॅथलिकांचा पवित्र संस्कार आहे. पाहुण्यांनी जागेवरच बसून राहावे. मुलांना हे घरूनच समजावून न्यावे. दुसऱ्याच्या देवघरात कसे वागावे, हा धडा पुस्तकापेक्षा इथे लवकर पटतो. मेणबत्ती लावावीशी वाटली तर खुशाल लावा. तिथे कुणी जात-धर्म विचारत नाही.

पाहून झाले की शेजारच्या रसेल मार्केटमध्ये डोकवा. १९२७ सालच्या या बाजारात फळाफुलांची रेलचेल असते. जयनगरला परतताना यजमानांसाठी फळे इथूनच घ्या.